साप्ताहिक उपासना चालवणाऱ्या पाळकास पवित्र शास्त्र काय सांगते?

प्रश्न : खाडीपारचा पाळक

सर्व बंधुभगिनींस सलाम.

माझी पाळकपदाची दीक्षा होऊन फार काळ झालेला नाही. दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांतील लहान ख्रिस्ती मंडळ्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी अलीकडची उपासना आटोपून दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचे आणि दुपारनंतर पलीकडची उपासना घ्यायची, असा माझा क्रम असतो. ज्या रविवारी मला पोहोचता येत नाही त्या रविवारी तेथील वडील, म्हणजे मंडळीने नेमलेले ज्येष्ठ सभासद, उपासना चालवतात.

दोन्हीकडे उपासनेची घडी वर्षानुवर्षे बसलेली आहे. गीतांना पाऊण तास जातो, त्यानंतर साक्षी होतात, मग तासाहून अधिक वेळ संदेश चालतो, आणि शास्त्रवाचन मात्र त्या संदेशासाठी निवडलेल्या एखाद्या वचनापुरतेच राहते. लोकांना वचनाची ओढ नाही असे मुळीच नाही. उलट संदेश मोठा झाला तरच पाळकाने तयारी केली असे ते प्रेमाने मानतात. तथापि दर रविवारी नियमाने येणाऱ्या मुलांनी एक संपूर्ण अध्याय मंडळीत वाचलेला कधी ऐकलेलाच नाही, हे ध्यानात आल्यापासून मी अस्वस्थ आहे. प्रार्थनेचेही तसेच आहे. समोर बसलेल्यांचे आजार, परीक्षा आणि नोकऱ्या यांच्यापलीकडे आमची प्रार्थना सहसा जात नाही.

याशिवाय हंगामाचा प्रश्न आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरण्याचे काम रविवारीही थांबत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जी माणसे पहिल्या बाकावर बसतात, तीच ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की दिसेनाशी होतात. अशांना उद्देशून इब्री लोकांस पत्रातील १०:२५ हे एकत्र मिळणे सोडू नये असे सांगणारे वचन व्यासपीठावरून वाचून दाखवावे, असे एका वडिलांचे म्हणणे आहे. मी ते अद्याप केलेले नाही.

आमच्या संघटनेचे उपासनापुस्तक माझ्याजवळ आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पण पास्टोरेट कमिटीपुढे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे) बदल मांडायचा तर पुस्तकात असे लिहिले आहे एवढे सांगून भागणार नाही. दर आठवड्याची उपासना चालवणाऱ्याने नेमके काय करावे याविषयी शास्त्र स्वतः काय सांगते, ते संदर्भांसह कोणी समजावून दिल्यास उपकार होतील. खाडीपलीकडचे दोन्ही वडीलही ही चर्चा वाचणार आहेत.

उत्तर : निवृत्त पाळक, रत्नागिरी

प्रिय पाळकसाहेब, आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नव्या करारात रविवारच्या उपासनेचा तयार कार्यक्रम कोठेही दिलेला नाही. लेवीयाच्या पुस्तकात अर्पणांचे बारीकसारीक नियम आहेत, तसे नियम प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला देत नाही. तो तिला कसोटी देतो. एकत्र जमल्यावर कोणाजवळ स्तोत्र असेल, कोणाजवळ शिक्षण असेल, पण जे काही होईल ते मंडळीच्या उन्नतीसाठी व्हावे (१ करिंथ १४:२६), आणि सर्व काही व्यवस्थितपणे व्हावे (१४:४०). म्हणून पाऊण तास गीते योग्य की अयोग्य, या प्रश्नाचे उत्तर घड्याळात शोधू नये. त्या पाऊण तासाने मंडळी उभारली जाते का, हे पाहावे.

या मोकळिकीतही काही कामे मात्र नाव घेऊन सोपवलेली आहेत, आणि त्यांत शास्त्रवाचनाचा क्रमांक पहिला लागतो. पौल तरुण तीमथ्याला सांगतो की, मी येईपर्यंत वाचन, बोध आणि शिक्षण यांकडे लक्ष दे (१ तीमथ्य ४:१३). येथील वाचन म्हणजे मंडळीसमोर मोठ्याने केलेले वाचन. आपले पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे असे तो थेस्सलनीकाकरांना शपथ घालून सांगतो (१ थेस्सल ५:२७), कलस्सैच्या मंडळीला पत्रांची अदलाबदल करून वाचावयास सांगतो (कलस्सै ४:१६), आणि प्रकटीकरणाच्या आरंभीचा आशीर्वाद वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना असा दोघांनाही दिलेला आहे (१:३). उपदेशकाची तयारी अपुरी पडली त्या रविवारीदेखील मंडळी वचन ऐकून घरी जाऊ शकते. मात्र त्यासाठी वाचन झालेले असावे लागते.

नहेम्याचा आठवा अध्याय कमिटीपुढे अवश्य संपूर्ण वाचा. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमेत जलवेशीसमोरच्या चौकात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी लोक वाचलेल्याचा अर्थ लोकांना समजावून देतात. तेथे विवरण वाचनाच्या सेवेला उभे आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूनेही हाच क्रम पाळला : प्रथम यशयाच्या ग्रंथपटातून वाचन, नंतर ग्रंथपट गुंडाळून सेवकाच्या हाती परत देणे, खाली बसणे, आणि मग बोलणे (लूक ४:१६-२१).

वाचकांची तयारी करून घेणे हे पाळकाचेच काम आहे. आमच्या मंडळीत नववीत शिकणाऱ्या एका मुलीकडे मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ आली होती. शनिवारी सायंकाळी तिने पेन्सिलीने प्रत्येक नावाखाली रेघ ओढली, मोठ्याने चार वेळा वाचून पाहिले, आणि तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको या चौघींपाशी क्षणभर थांबण्याची खूण करून ठेवली. रविवारी ती त्या चारही ठिकाणी थांबली, आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत मागच्या बाकांवरील स्त्रियांनी माना वर केल्या होत्या. उपासना संपल्यावर त्यांनी मला राहाबेविषयी विचारले. त्या दिवशी वाचनाने जे साधले ते माझ्या संदेशाला साधले नव्हते.

संदेशाच्या लांबीविषयी शास्त्राने आकडा दिलेला नाही. त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०:७-१२). पण पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता आणि ती रात्र निरोपाची होती, म्हणून तिचा नियम करता येणार नाही. मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांतील डोंगरावरचे प्रवचन सावकाश वाचले तरी साधारण वीस मिनिटांत पूर्ण होते, हेही पाहावे. माझे मत विचाराल तर संदेश पंचवीस ते तीस मिनिटांचा असावा आणि तो त्या दिवशी वाचलेल्या पाठातूनच निघावा. पाठाचे बंधन सुटले की उपदेशक आपल्या आवडीच्या चार विषयांभोवती फिरत राहतो, आणि मग वेळ कितीही दिला तरी अपुरा पडतो. देवाचा संपूर्ण मनोदय सांगण्यात आपण कसर केली नाही, असे पौल इफिसच्या वडिलांना म्हणू शकला (कृत्ये २०:२७). आपल्यालाही तसे म्हणावयाचे असेल, तर एखादे पुस्तक सलग घेण्यासारखा उपाय नाही. मार्काची सुवार्ता १६ अध्यायांची आहे. दर रविवारी एक अध्याय घेतला तरी चार महिन्यांत मंडळी ती सगळी ऐकते.

उत्तर : चिपळूणचे एक वडील

निवृत्त पाळकसाहेबांच्या म्हणण्याला बहुतांशी माझी संमती आहे; परंतु मोठ्या संदेशाच्या बाजूनेही कोणीतरी बोलावयास हवे. आमच्याकडे डोंगरातील वाड्यांवरून माणसे एसटीने किंवा पायी येतात. आठवडाभरात त्यांच्या कानांवर वचनाचे जे काही पडते ते तेवढेच. पंचवीस मिनिटांत उठवून त्यांना परत पाठवणे मला जड जाते. शिवाय ज्या नहेम्याचा दाखला आपण दिला त्याच अध्यायातील लोक अर्धा दिवस ऐकत होते, आणि ऐकून कंटाळण्याऐवजी रडले. वेळी आणि अवेळी वचनाची घोषणा करण्यास सदैव तयार राहा, असे पौल तीमथ्याला सांगतो (२ तीमथ्य ४:२). ज्यांची भूक मोठी आहे त्यांच्यापुढे मोजून वाढू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

तरीही एक गोष्ट मी मान्य करतो. ते लोक एज्राच्या मुखातून नियमशास्त्र ऐकत होते; एज्राच्या आठवणी आणि दाखले ऐकत नव्हते. आमच्या दीड तासाच्या संदेशांतून प्रवासवर्णने आणि पुन्हापुन्हा सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या काढल्या, तर तीन संपूर्ण अध्यायांच्या वाचनाला सहज जागा होईल, आणि लांबून आलेला माणूस अधिक घेऊन परतेल.

उत्तर : उपासनागीतांचा अभ्यासक

गीतांविषयी थोडेसे. कलस्सै ३:१६ मध्ये ख्रिस्ताचे वचन मंडळीत भरपूर राहावे असे म्हटल्यावर लगेच, एकमेकांना शिकवा आणि बोध करा, तेही स्तोत्रे आणि गीते गात, असे येते. म्हणजे गायन हे शिक्षणाचेच अंग आहे. म्हणून गीतांची निवड वाचनाचे पाठ ठरल्यानंतर व्हावी, आणि ती पाळकाने गाणाऱ्यांबरोबर बसून करावी. या कामी मराठी मंडळीला बाहेर पाहावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी भजनाच्या आणि अभंगाच्या वळणाची जी गीते दिली, त्यांत सिद्धान्त आहे, पश्चात्ताप आहे आणि मराठी माणसाच्या तोंडी सहज बसणारी चाल आहे. ज्या वृद्धांना आता अक्षरे दिसत नाहीत त्यांना ती पाठ असतात, त्यामुळे गायनात त्यांचाही आवाज मिसळतो.

उत्तर : वेंगुर्ल्याची भगिनी

मी परिचारिका आहे आणि रविवारची ड्यूटी टाळणे माझ्या हाती नसते, म्हणून गैरहजरांच्या बाजूने लिहिते.

इब्री १०:२५ वाचायचे असेल तर चोविसाव्या वचनापासून वाचावे, अशी त्या वडिलांना माझी नम्र विनंती आहे. तेथे आरंभ होतो तो एकमेकांकडे लक्ष देऊन प्रीती आणि सत्कर्मे यांस उत्तेजन देण्यापासून. एकत्र मिळणे सोडू नये हे त्याच वाक्यात येते, आणि त्याचा शेवट एकमेकांस बोध करण्यात होतो. ज्यांच्यासाठी हे लिहिले ते लोक छळ आणि मालमत्तेची लूट सोसून थकलेले होते (१०:३२-३४). लेखक त्यांना धीर देतो. शिवाय जी व्यक्ती हजरच नाही तिला व्यासपीठावरून हे वचन ऐकवल्याने ते ऐकतात फक्त हजर असलेले.

आलेल्यांचेच नव्हे तर न आलेल्यांचेही उत्तरदायित्व मेंढपाळाकडे आहे, हे यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात फार कठोरपणे सांगितले आहे : दुबळ्यांना बळ दिले नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याचा शोध केला नाही (३४:४). पौल इफिसकरांना आपण चारचौघांत आणि घरोघरी शिकवल्याची आठवण देतो (कृत्ये २०:२०). दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये जस्टिन मार्टर यांनी रविवारच्या सभेचे जे वर्णन लिहिले, त्यात प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जात, मग अध्यक्ष बोध करी, मग सर्व जण उभे राहून प्रार्थना करीत, आणि भाकर व द्राक्षारस यांचा वाटा जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती पाठवला जाई, असे आहे. अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी जमा केलेल्या दानाचाही त्यात उल्लेख आहे. न आलेल्या माणसाची सोय त्या उपासनेतच केलेली होती.

आमच्या मंडळीतील एक वयस्क वडील माझी ड्यूटी असलेल्या रविवारानंतर सोमवारी सायंकाळी घरी येतात. पडवीत बसून रविवारचे पाठ वाचतात, कोणाकोणासाठी प्रार्थना झाली ते सांगतात, चहा घेतात आणि उठतात. ते माझ्या न येण्याविषयी कधीही बोलत नाहीत. पुढच्या रविवारी मंडळीत जाताना मला परके वाटत नाही, याचे कारण हेच आहे.

वेळेचाही विचार व्हावा. सुमारे इ. स. ११२ मध्ये प्लिनी या रोमी अधिकाऱ्याने सम्राट त्राजान यास लिहिले की, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात. त्रोवसची सभा रात्रीची होती. सकाळी साडेनऊ ही वेळ शास्त्राने ठरवलेली नाही. आंब्याच्या दिवसांत दिवेलागणीनंतरची उपासना ठेवून पाहावी. पलीकडची उपासना आपण आजही दुपारनंतरच घेता, त्यामुळे तेथे ती थोडी पुढे सरकवणे कठीण जाऊ नये. मात्र शेवटच्या फेरीबोटीची वेळ आधी पाहून घ्यावी आणि मुक्कामाची सोय ठेवावी.

प्रार्थनेविषयी १ तीमथ्य २:१-२ पुरेसे आहे. सर्वांत प्रथम, सर्व माणसांसाठी, आणि अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती करावी, असे पौल रोमी सत्तेखाली राहणाऱ्या मंडळीला सांगतो. आपल्याकडे त्याचा अर्थ ग्रामपंचायत, तलाठी, पोलीस पाटील, शाळेतील शिक्षक, सरकारी दवाखान्यातील कर्मचारी, आणि वाडीतील प्रत्येक शेजारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि ऑगस्टमध्ये होड्या निघतात त्या रविवारी स्तोत्र १०७ मधील २३ ते ३० ही वचने वाचून तांडेल आणि खलाशी यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करावी. जहाजांतून समुद्रावर जाणारे, उसळत्या लाटांनी गांगरलेले आणि परमेश्वराने इच्छित बंदरी पोहोचवलेले लोक त्या स्तोत्रात आहेत. गेलेल्या माणसाची बायको त्या बाकावर बसलेली असते. तिला ही प्रार्थना ऐकू येते.

खाडीपारचा पाळक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इब्री पत्राविषयी भगिनींनी जे लिहिले ते मी त्या वडिलांना दाखवले. येत्या आठवड्यापासून ते स्वतः तीन घरी जाणार आहेत. संदेश पाठाला बांधून घेण्याचेही मी ठरवले आहे.

आणखी एक अडचण राहिली. खाडीपलीकडे प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारस यांचा विधी, मी जातो तेव्हाच होते, आणि पावसाळ्यात फेरी बंद पडली किंवा रस्ता खचला तर दोन दोन महिने जातात. तेथील काही कुटुंबांची मागणी अशी आहे की वडिलांनीच भाकर मोडून द्यावी. शिवाय मी नसताना वडिलांनी शेवटचा आशीर्वाद उच्चारावा काय, हेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर : निवृत्त पाळक, रत्नागिरी

प्रथम चिपळूणच्या वडिलांना : आपला मुद्दा मला पटला. लांबून येणाऱ्यांसाठी मिनिटांचा आग्रह मी मागे घेतो. पाठाचा आग्रह ठेवतो.

प्रभुभोजन कोणी चालवावे याविषयी ख्रिस्ती संघटनांत एकमत नाही आणि ते येथे होणारही नाही. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये ते दीक्षित पाळकच चालवतो. ब्रदरन मंडळ्यांत दीक्षित पाळकवर्ग नसल्याने बंधूच दर रविवारी भाकर मोडतात. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) हा विधी केलाच जात नाही. नव्या करारात भाकर कोणी मोडावी याचा नियम थेट शब्दांत दिलेला नाही, हे खरे. पण आपण आपल्या संघटनेच्या शिस्तीखाली शपथ घेतलेली आहे, म्हणून आपल्यापुरता मार्ग सरळ आहे : बिशपसाहेबांना लेखी परिस्थिती कळवावी, शेजारच्या पाळकाला आळीपाळीने पाठवता येईल का ते विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत वडिलांनी वचनाची उपासना पूर्णपणे चालवावी. कृत्ये २:४२ मध्ये शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना ही चारही अंगे एकत्र येतात. एकाला विलंब झाला म्हणून उरलेली तीन थांबवण्याचे कारण नाही.

मात्र प्रभुभोजनाविषयी पौलाची खरी तक्रार निराळी होती. करिंथमध्ये ज्यांच्याजवळ होते ते आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणून तो एकमेकांची वाट पाहावयास आणि स्वतःची परीक्षा करावयास सांगतो (१ करिंथ ११:१७-३४). यास्तव प्रभुभोजनाची सूचना एक आठवडा आधी द्यावी. आपल्याकडे सामायिक जमिनीचे, बांधाचे आणि वाटेचे वाद एकाच मंडळीतील भावाभावांत वर्षानुवर्षे चालतात. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, या प्रभूच्या आज्ञेला (मत्तय ५:२३-२४) तो आठवडा उपयोगी पडतो, आणि त्या आठवड्यात पाळकाने दोन्ही घरी गेले पाहिजे. आसनव्यवस्थेकडेही पाहावे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायांशी बसवणे हा पक्षपात आहे, असे याकोब म्हणतो (२:१-४). सुट्टीत मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पुढच्या खुर्च्या देताना हे आठवावे.

आशीर्वादाविषयी : गणना ६:२४-२६ मधील आशीर्वाद अहरोन आणि त्याच्या मुलांच्या मुखी घातलेला आहे, म्हणून काही संघटना तो दीक्षितांसाठी राखतात. वडिलांनी तेच शब्द प्रार्थनेच्या रूपात, तुम्हांला ऐवजी आम्हांला असे म्हणून उच्चारले, तर कोणाचीही हरकत राहत नाही.

पाळकाच्या पात्रतेविषयी आपण विचारले नाही, तरी १ तीमथ्य ३:७ वडिलांबरोबर वाचावे. अध्यक्षाचे, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याचे, नाव बाहेरच्या लोकांतही चांगले असावे असे तेथे आहे. लहान गावात वाणी, रिक्षावाला आणि शेजारची वाडी यांना पाळकाचा व्यवहार मंडळीआधी कळतो; ज्याने उधारी थकवली आहे त्याचा रविवारचा संदेश बाजारात कोणी ऐकत नाही.

कमिटीपुढे सर्व बदल एकाच बैठकीत मांडू नयेत. पाठतालिकेचे, म्हणजे दर रविवारी वाचावयाच्या पाठांच्या यादीचे, वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. त्या दिवसापासून जुना करार, स्तोत्र, पत्र आणि सुवार्ता असे चार पाठ वाचावेत, एवढाच ठराव आधी घ्यावा. वाचकांची नावे त्याआधीच्या महिन्यात ठरवावीत, त्यांत तरुण मुले आणि स्त्रिया असाव्यात, आणि खाडीपलीकडच्या वडिलांना सर्व पाठ मोठ्या अक्षरांत छापून द्यावेत. सायंकाळी वीज गेली तर मेणबत्तीच्या उजेडात मोबाईलपेक्षा तेच सोयीचे पडते.